उलट्या गाठी

थोरली काकी गेली तेव्हा कुणी फारसं रडलं नाही, आणि त्यात वावगंही काही नव्हतं. नव्वदी कधीच ओलांडलेली बाई. सकाळी कोळंबीचं कालवण खारट झालं म्हणून सुनेला दोन शब्द सुनावले, ओटीवर जाऊन खांबाला टेकली आणि तिथेच संपली. खडपे बंदरातल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "सोनं झालं गो म्हातारीचं." मरण यावं तर असं, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि चहाचं आधण चढलं.

तिची पुतणी हर्षदा चोगले दुपारपर्यंत गाडी घेऊन गावात आली. ती तालुक्याच्या गावी मच्छीमार सोसायटीच्या कारखान्यात मुख्य संशोधक. लग्न केलेलं नाही, त्यामुळे माहेर-सासर असा प्रश्नच नव्हता. घर एकच, वडिलांचं. तिचा धाकटा भाऊ भूपेश पहाटेच मासे उतरवून परतला होता. बातमी कळली तशी त्याने होडी खाडीत नांगरली आणि अंगावरच्या खाऱ्या कपड्यांनीच काकीच्या दारात येऊन उभा राहिला.

खडपे बंदरात एक रीत आहे. भावकीत सुतक आलं की होडीला हात लावायचा नाही. जाळं, दोर, वल्हं, कशालाच नाही. होडी जिथे नांगरली असेल तिथे दहा दिवस तशीच. समुद्राला विटाळ सोसत नाही म्हणतात. आता सोसतो की नाही ते समुद्रालाच ठाऊक, साऱ्या किनाऱ्याचा केरकचरा तर तो वर्षानुवर्षं मुकाट गिळत आला होता. पण रीत ती रीत. हर्षदाचे वडील हिराजी तांडेल या बाबतीत भलतेच कडक. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. आता होडी भूपेश चालवत असला तरी गाव अजून म्हाताऱ्यालाच तांडेल म्हणत असे.

ओटीवर बसल्या बसल्या हर्षदाने खाडीतल्या होडीकडे पाहिलं. नांगराचा दोर ताणून पाण्यात गेला होता. तिने मनातल्या मनात हिशेब केला. सुतक दहा दिवसांचं, दोराची मर्यादा बारा दिवसांची. बसतंय की! तिने सुटकेचा श्वास टाकला आणि पुढ्यातला चहा उचलला.

ही मर्यादा कसली, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

त्या दोराचं नाव सागरसूत. कोळंबीचं किंवा खेकड्याचं कवच ज्या पदार्थाचं बनतं त्याला कायटिन म्हणतात. कारखान्यांत कोळंबी सोलली की टरफलांचे ढीग कुजत पडत, वासाने जीव नकोसा होई. हर्षदाने त्या टरफलांतून कायटिन वेगळं काढलं, विरघळवलं आणि त्याचा धागा ओढला. नायलॉनइतकाच चिवट धागा. फरक एवढाच, की समुद्रात नायलॉन खाणारं कुणी नाही आणि कायटिन खाणारे पुष्कळ. समुद्रात एवढे खेकडे मरतात, त्यांच्या कवचांचे डोंगर का साचत नाहीत? कारण ती पचवणारे जिवाणू पाण्यातच असतात.

मग असा धागा मासे पकडेपर्यंत तरी टिकावा कसा? खरी मेख तिथेच होती. हे जिवाणू एकेकटे जेवत नाहीत. धाग्यावर येऊन बसतात, चिकट थर धरतात आणि आपण किती जण जमलोय याचा अंदाज रासायनिक खुणांनी एकमेकांना देत राहतात. पुरेसे जमले की मगच सगळे मिळून पाचकरस सोडतात. सोसायटीच्या सभेसारखंच, कोरम भरल्याशिवाय ठराव नाही. हर्षदाने धाग्याला असा लेप दिला होता, की जमायला त्यांना वेळ लागावा. मध्येच जाळं कडक उन्हात वाळवलं की जमलेले मरतात, सभा बरखास्त. पुन्हा पाण्यात गेलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे रोजच्या वापरातलं, अधूनमधून वाळत पडणारं जाळं वर्षभर टिकणार आणि तुटून हरवलेलं जाळं आपोआप संपणार. सलग बारा दिवस पाण्यात राहिलं तरी धाग्याला धक्का नाही. चाळीसएक दिवसांत मात्र त्याचा मागमूस उरत नाही. जाहिरातीतही तेच वाक्य होतं, हर्षदानेच सुचवलेलं: समुद्रात काही उरत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी भूपेश होता. हे तिने भाषणात कधी सांगितलं नाही, पण होता.

तो आठेक वर्षांचा असेल, ती कॉलेजात जायला लागली होती. भूपेश डावखुरा. बाबांच्या शेजारी बसून जाळं सांधायला शिकला, पण त्याच्या गाठी सगळ्या आरशात पाहिल्यासारख्या उलट्या पडायच्या. बाबा कातावायचे. "अरे, सरळ फिरव ना सुई! लोक म्हणतील, तांडेलाच्या घरात जाळं भूत सांधतं." पोरगं हसायचं आणि पुन्हा तशीच उलटी गाठ मारायचं. शेवटी बाबांनीच नाद सोडला, कारण गाठ उलटी असली तरी सुटत नव्हती.

त्या पावसाळ्याच्या तोंडी बाबांचं एक हिरवं नायलॉनचं जाळं खडपात, पाण्यातल्या खडकांत, अडकून फाटलं आणि अर्ध्याहून अधिक समुद्रात गेलं. नुकसान झालं, दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही आणि विषय संपला. काही महिन्यांनी भाऊ-बहीण वाळूत फिरत असताना एक कासव दिसलं. मेलेलं. मानेभोवती आणि पुढच्या पायाभोवती जाळं करकचून आवळलेलं. हर्षदा सोडवायला वाकली तर भूपेश मागे सरकला. "ताई, ह्या माझ्या गाठी हायत," तो म्हणाला. खरंच होत्या. उलट्या गाठी साऱ्या बंदरात दुसऱ्या कुणाच्या असणार!

पोरगं रात्री जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या पुस्तकांपाशी येऊन बसलं आणि म्हणालं, "ताई, तू एवढं शिकतेस तर असं सूत बनव ना, जे हरवलं की मरून जाईल."

ती त्याच्या डोक्यात टपली मारून हसली होती. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे ती ज्या ज्या व्यासपीठावर उभी राहिली तिथे तिने नायलॉनचा तुकडा वर धरून दाखवला. "हा किती वर्षं टिकतो माहीत आहे? पाचशे वर्षं! तुमची आमची नावं पुसली जातील, हा तसाच राहील." तो आकडा ती असा काही म्हणायची, की ऐकणाऱ्याला स्वतःच्या पिशवीची लाज वाटावी.

सागरसूत आलं आणि सहा वर्षांत किनारा पालटला. नुसती जाळी नाहीत; फ्लोट, क्रेट, पाण्याचे कॅन, पायातल्या चपलासुद्धा त्याच कायटिनच्या. सोसायटीने ठराव करून नायलॉन होड्यांवरून हद्दपार केलं. कासवं पुन्हा वाळूत अंडी घालायला येऊ लागली. भूपेश येईल त्या पाहुण्याला ती जागा दाखवायला घेऊन जायचा. "माझ्या ताईनं केलंय," असं म्हणताना त्याची छाती फुगायची आणि मग लगेच, "डोकं माझं, हात तिचे," अशी पुस्ती जोडायचा.

बाबा काही लगेच पाघळणारे नव्हते. गेल्या पाडव्याला हर्षदा घरी आली होती तेव्हा ते सहज म्हणाले होते, "तुझं सूत आता लवकर खपतं गो. होळीला खडपात अडकलेलं जाळं आज बघाया गेलो, तर धागा नाय."

"म्हणजे काम चांगलं चाललंय, बाबा."

"चांगलंच म्हणायचं. पण आधी एवढ्या लवकर खपत नव्हतं."

होळी ते पाडवा म्हणजे जेमतेम पंधरवडा. चाळीस दिवसांचं काम पंधरा दिवसांत! हर्षदा खूश झाली. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या सभेत तिने हा किस्सा वडिलांची नक्कल करून सांगितला. "आमचे बाबा तक्रार करतात, कचरा फार लवकर नाहीसा होतो!" लोक पोट धरून हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सुतकाचे दिवस गप्पांत गेले. गावभरची माणसं येऊन बसायची, काकीच्या आठवणी निघायच्या, तिने कुणाकुणाला काय काय सुनावलं होतं याचीच उजळणी व्हायची. दहावं झालं, सुतक फिटलं. सुरमईचा हंगाम ऐन भरात होता, इतर होड्या भरून येत होत्या आणि भूपेश इतके दिवस हातावर हात धरून बसलेला. तो निघायची घाई करू लागला. त्याच्या बायकोने, रेश्माने, भाकरी-चटणीचा डबा बांधला. मोतीराम आणि त्याचा भाऊ हे दोन खलाशी डिझेल भरून तयार होते.

होडी धक्क्याला लागली होती. हर्षदा भावाला पोचवायला खाली आली तेव्हा त्याच्या खांद्यावर एक वेटोळं होतं. माळ्यावरून काढलेला जुना हिरवा दोर, रंग उडालेला. नायलॉनचा.

"हे काय रे?"

"नांगराचा दोर दहा दिवस सलग पाण्यात हाय ना, ताई. म्हटलं, हा असू दे सोबत. फळीखाली टाकतो. कुणाला दिसतोय!"

"माझ्याच घरच्या होडीवर नायलॉन?" हर्षदा चिडलीच. "अरे, उद्या कुणी फोटो काढला तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"तुझं तोंड एवढं मोठं, त्याला जागा लागणारच."

तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. रेश्मा पदर तोंडाला लावून हसली. भूपेशही हसला, पण खांद्यावरचा दोर त्याने खाली टाकला नाही. "चालेल ना पण? तू सांग. एक दिवस वाळवून उद्या निघू का?"

हर्षदाने नांगराचा ओला दोर हातात घेतला. वाकवून पाहिला, पीळ उलगडून पाहिला, पायाखाली धरून जीव खाऊन ओढला. गुळगुळीत, घट्ट, नव्यासारखा. शिवाय मर्यादा बारा दिवसांची होती आणि ती तिनेच ठरवली होती.

"चालेल," ती म्हणाली. "जा बिनधास्त."

"मग झालं तर." भूपेशने नायलॉनचं वेटोळं वर अंगणाकडे भिरकावलं. ते माडाच्या बुंध्याशी जाऊन पडलं. डाव्या हाताने त्याने होडीची गाठ सोडली, इंजिन धडधडलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला. तसा इशारा होता, पण सौम्य. बहुतेक होड्या आडोशाला येऊन थांबल्या. भूपेशनेही बाहेरच्या खडपाच्या आडोशाला नांगर टाकला. तशी ती नेहमीची जागा होती आणि नांगर धरला की तिथे काही होत नाही. त्यानंतर काय झालं, ते मोतीरामने सांगितलं. तो आणि त्याचा भाऊ पोहत खडपावर चढले होते आणि सकाळी दुसऱ्या होडीने त्यांना उचललं.

"दोर तुटला, पण आवाजच नाय," मोतीराम सांगत होता. त्याचे दात अजून वाजत होते. "नायलॉन तुटला की कसा फाडकन बोलतो, कळतं तरी. हा नुसता सुटला. आमाला वाटलं नांगर सरकला. भूपेशदादा पुढं गेला, दोर ओढला, तर हातात नुसतं टोक आलं. आतून पोकळ. मग लाटेनं होडी खडपावर घेतली आणि मागं खोल पाण्यात नेली. इंजिनाच्या वजनानं बसली ती खाली. दादा पुढंच होता."

हर्षदा भिंतीला धरून उभी होती. आतून पोकळ, हे दोन शब्द तिने ऐकले. पुढचं तिला ऐकूच आलं नाही.

तीन दिवस शोध चालला. गावच्या होड्या गेल्या, सरकारी बोट आली, हेलिकॉप्टर घिरट्या घालून गेलं. भूपेश सापडला नाही. रेश्मा अंगणात बसून राहायची. माडाच्या बुंध्याशी ते हिरवं वेटोळं तसंच पडलं होतं आणि कुणीच ते उचलत नव्हतं. एकदाच तिने त्याच्याकडे बघत म्हटलं, "ते घेऊन चालले होते ना, ताई." आवाजात राग नव्हता. राग असता तर हर्षदाला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती नणंदेशी कामापुरतं बोलू लागली, आणि पुढे तेवढंही नाही.

हर्षदाने खाडीचं पाणी बाटल्यांत भरून कारखान्यात नेलं. त्यात दोराचे तुकडे टाकले आणि वाट पाहिली. बारा दिवस तर दूरच, आठवडाही पुरा झाला नाही. धागे आतून कुरतडले गेले. वरचा लेप शाबूत, म्हणून हाताला कळत नाही. आतल्या पिळात ओल धरून राहते, तिथे कोरम आधी भरतो. सहा वर्षांपूर्वी याच खाडीच्या पाण्यात तिने याच चाचण्या केल्या होत्या आणि तेव्हा बारा दिवस हा आकडा बरोबर होता. पण या सहा वर्षांत साऱ्या किनाऱ्याने समुद्राला रोज कायटिन खायला घातलं होतं. जाळी, फ्लोट, क्रेट, चपला. खाणारे वाढले. जे भराभर खाणारे, ते जास्त वाढले. त्यात त्यांचा काय दोष? पान वाढलेलं होतं, ते जेवायला बसले. समुद्र बदलत गेला आणि हर्षदाचा आकडा मात्र जुन्या पाण्यातच राहिला.

आणि तिला हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. बाबांनी सांगितलं होतं. होळीचं जाळं पाडव्याला दिसत नाही, एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं होतं. तिने त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. प्रयोगशाळेत एकटीच उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "अगं, कसं गं तुला कळलं नाही?" आणि मग ती रडली. गावात इतके दिवस तिला रडूच आलं नव्हतं.

सोसायटीची तातडीची सभा बोलावली. एरवी कोरम भरायला माणसं घराघरांतून ओढून आणावी लागत. त्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. हर्षदा उठली आणि तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. दोर आजपासून वापरू नका. कारखान्यातला माल थांबवला आहे, दिलेला परत घेऊ. आकडा माझा होता, चूक माझी आहे. भूपेश नायलॉन घेऊन जात होता, मी नको म्हणाले.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, "मग काय, परत नायलॉन?"

"नांगराला नायलॉन वापरा," हर्षदा म्हणाली. "जाळ्याचं... मला आज सांगता येत नाही."

"आणि कासवं?"

अध्यक्ष हळूच म्हणाले, "बस, पोरी. खाली बस तू." शेवटच्या बाकावरून बाबा उठले, टोपी डोक्यावर नीट केली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

खडपे बंदरात माणूस समुद्रात गेला आणि सापडला नाही, तर लगेच त्याचं कार्य करत नाहीत. समुद्र सगळंच ठेवून घेत नाही, काहीतरी परत देतोच, असं मानतात. फळी, डबा, सदरा, दोराचा तुकडा. ते आलं की पाटावर ठेवून दहावं करायचं. तोवर त्या घराला सुतक फिटत नाही, बाईने कुंकू लावायचं की नाही तेही ठरत नाही. पूर्वी फार वाट बघावी लागायची नाही. होडी बुडाली की आठवड्याभरात फ्लोट यायचे, जाळ्याची टोकं यायची, आणि गाठीवरून, रंगावरून माणसं ओळखायची.

बाबा रोज उजाडताच किनाऱ्याने फिरू लागले. खाडीच्या मुखापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणि परत. हर्षदाने कारखान्यातून रजा घेतली होती. तीही दोन पावलं मागे ठेवून चालायची. वाळू स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की लहानपणी तिला असा किनारा स्वप्नातच दिसला असता. एक पिशवी नाही, बाटली नाही, धाग्याचं टोक नाही. भूपेशच्या होडीवर होतं ते सगळं तिच्याच हातचं होतं आणि सगळं विरघळून गेलं होतं.

एका सकाळी तिला राहवलं नाही. "बाबा, काही यायचं नाही. मीच ते तसं केलंय. काही उरूच नये असं."

बाबा थांबले नाहीत. "ठाऊक हाय मला."

"मग कशाला फिरता?"

"घरात बसून काय करू? तिथं रेश्मा बघते माझ्याकडं." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "तू पण बघतेस."

महिने गेले. गावातल्या होड्यांवर नायलॉनचे दोर दिसू लागले. आधी नांगराला, मग हळूच जाळ्यांनाही. हर्षदा कुणाला काही बोलली नाही. कारखान्यात नवा लेप शोधायचं काम तिच्या हाताखालच्यांनी सुरू केलं होतं. त्यांचे फोन यायचे, ती उत्तरं द्यायची, पण ज्या हातांनी दोर ओढून पाहून "चालेल" म्हटलं होतं त्या हातांवर तिचा विश्वास उरला नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी भरतीचं पाणी मागे सरलं होतं. बाबा खडपाशी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. हर्षदाला वाटलं, चक्कर आली. ती धावत गेली.

त्यांच्या हातात शेवाळाचा गुंता होता, शिंपल्यांचे कपचे चिकटलेला. बाबा अंगठ्याने शेवाळ बाजूला सारत होते. आतून हिरवं नायलॉन दिसलं. तेच ते जुनं जाळं, तिच्या कॉलेजच्या दिवसांत याच खडपात फाटून गेलेलं. एवढी वर्षं कुठे कपारीत अडकून पडलं होतं कोण जाणे. भूपेश गेला त्या संध्याकाळच्या वाऱ्याने किंवा नंतरच्या एखाद्या उधाणाने मोकळं झालं असेल. जाळ्याचा हातभर तुकडा. त्यात ठिगळ सांधलेलं होतं आणि ठिगळाच्या गाठी ओळीने, एकूणएक, उलट्या होत्या.

"बघ गो," बाबा म्हणाले. "भूप्याच्या हायत."

हर्षदा त्यांच्याशेजारी वाळूत बसली. आठ वर्षांचं पोरगं, जीभ दातांत धरून, डाव्या हातात सुई. लोक म्हणतील, जाळं भूत सांधतं. तिने हात पुढे केला आणि एक गाठ दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली, सवयच ती. गाठ जरासुद्धा हलली नाही.

घरी येऊन बाबांनी तो तुकडा विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतला. शेवाळ काढलं, शिंपले एकेक करून सोडवले. रेश्माने न सांगता पाट आणून मांडला, त्यावर पांढरं कापड घातलं. तुकडा पाटावर ठेवला गेला तेव्हा ती खाली बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने हंबरडा फोडला. हर्षदाने तिला जवळ घेतलं. रेश्माने तिचा हात झटकला नाही, धरलाही नाही.

कार्य झालं. भटजी गेले, माणसं पांगली. पाण्यात काय सोडायचं ते सोडलं, पण तो तुकडा बाबांनी सोडू दिला नाही. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला त्यांनी तो अडकवला आणि खाली पाय दुमडून बसले.

"हर्षू," ते म्हणाले, "हे किती वर्षं टिकेल गो?"

शेकडो सभांत तिने तो आकडा सांगितला होता, तुकडा वर धरून, सगळ्यांना भीती वाटेल असा.

"पाचशे वर्षं, बाबा."

म्हाताऱ्याने खुंटीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मग बरं," तो म्हणाला.